नातीचे सहाशे वीस डॉलर

पाणी गेलं गुरुवारी सकाळी, आणि मुकुट यायचा होता रविवारी दुपारी.

तळघरात उतरणाऱ्या पायऱ्यांवर इर्मेलिंडा झगा गुडघ्यापर्यंत उचलून उभी होती. खाली घोटाभर पाणी साचलं होतं. त्यावर कांद्याची सालं तरंगत होती, पुदिन्याची पानं तरंगत होती, आणि सुनेनं काल भिंतीला लावलेल्या कागदी फुलांचा लाल रंग सुटून पाण्यात हळूहळू पसरत चालला होता. सिंकखाली आदेलिनो उकिडवा बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. हातात पान्हा, आणि पान्ह्याच्या तोंडात व्हॉल्व्हचा तुटका दांडा.

"बंद झालं ना आता?" त्यानं विचारलं.

"झालं," त्याची बायको लुर्देस म्हणाली. ती बादलीनं पाणी उपसत होती. "पाणीखात्याचा माणूस रस्त्यावरून बंद करून गेला. एका नळाचं नाही, तिन्ही मजल्यांचं. आता आंघोळीला चर्चमध्ये जाऊ या, तिथे तीर्थ असतंच."

"मी काय मुद्दाम तोडला?"

"छे. मुद्दाम तोडायला अक्कल लागते."

फॉल रिव्हर शहरातल्या त्या तीन मजली लाकडी घरात तळमजला इर्मेलिंडाचा, मधला या लेकाचा आणि सुनेचा, वरचा लेक नतालियाचा आणि नात झुल्मिराचा. तिन्ही मजल्यांवर ओटे होते, पण त्यांवर कॉफीपलीकडे फारसं काही होत नसे. घराचा खरा स्वयंपाक तळघरात. मोठी भांडी तिथे, मोठी शेगडी तिथे, वर्षभराचे टोमॅटो तिथे, डुकराचं सॉसेज तिथे. आणि रविवारचा रस्सा तिथेच शिजायचा होता.

आदेलिनो एकोणीस वर्षांचा असताना न्यू बेडफर्डहून मासेमारीच्या बोटीवर गेला आणि वादळात बोट बेपत्ता झाली, तेव्हाचा हा इर्मेलिंडाचा नवस. पोर परत आलं तर पवित्र आत्म्याचा मुकुट माझ्या घरी आणीन, सात संध्याकाळ त्याच्यापुढे माळ जपीन, आणि दारात येईल त्याला जेवू घालीन. पोर परत आलं. मुकुट मात्र आला नाही. तो कुणाच्या घरी जायचा हे माणसं ठरवत नाहीत. पवित्र आत्म्याचा सण करणाऱ्या मंडळाच्या भांड्यात नावं पडतात आणि त्यातून चिठ्ठी निघते. इर्मेलिंडाचं नाव दर वर्षी पडलं आणि दर वर्षी दुसऱ्या कुणाचं निघालं. वाट बघता बघता नवरा जासिंतो जानेवारीत गेला. आणि यंदा, ज्या वर्षी घराचा हात गेला त्याच वर्षी, चिठ्ठी तिची निघाली.

वरून प्लंबरच्या जड बुटांचा आवाज आला. झुल्मिरा खाली उतरली, आजीशेजारी थांबली आणि नुसती बघत राहिली.

"बोल," आदेलिनो म्हणाला. "बोलून टाक एकदाचं."

"मी कुठे काय म्हणतेय, मामा?"

"मंगळवारी म्हणाली होतीस."

मंगळवारी ती एवढंच म्हणाली होती की नळ गळतोय तो गळू दे, पण त्याच्याखालचा व्हॉल्व्ह गंजलाय, त्याला जोर लावू नका. दोन्ही बदलून देते, दोनशे चाळीस डॉलर होतील. तेव्हा अख्खं घर हसलं होतं. पोरगी गंमत करतेय, असंच सगळ्यांना वाटलं. आणि मग आदेलिनो साठ सेंटचा वायसर विकत घेऊन आला होता.

"मेन व्हॉल्व्ह का नाही बंद केलात?" झुल्मिरानं विचारलं.

सगळ्यांच्या माना एकाच भिंतीकडे वळल्या. तिथे जासिंतोनं लावलेलं टाइल्सचं चित्र होतं. निळं आकाश, पिवळे किरण, आणि मधोमध पंख पसरलेलं पांढरं कबुतर. त्या टाइल्स त्यानं मायदेशच्या साओ मिगेल बेटावरून मांडीवर ठेवून विमानातून आणल्या होत्या.

"त्याच्यामागे?"

"त्याच्यामागे," आदेलिनो म्हणाला. "मीच एकेक टाइल हातात देत होतो."

"म्हणजे आजोबांनी मेन व्हॉल्व्हवर कबुतर चिकटवलं."

"पवित्र आत्मा चिकटवला," इर्मेलिंडा म्हणाली. "नीट बोल."

झुल्मिरा पाण्यात उतरली. भिंतीवर बोटं वाजवत तिनं कान लावला, सिंकखाली वाकून पाहिलं, हात पुसले.

"भिंत उघडावी लागेल. मेन व्हॉल्व्ह नवा, सिंकखालचा व्हॉल्व्ह नवा, नळ नवा, मधला गंजका पाइप काढून तांब्याचा. उद्या सकाळी सुरू केलं तर संध्याकाळी पाणी. सहाशे वीस डॉलर."

या वेळी कुणी हसलं नाही.

"कुणाचे सहाशे वीस?" आदेलिनोनं विचारलं.

"माझे."

"तू या घरात राहतेस, झुली."

"राहते. भाडंही देते, मामा. तूच घेतोस."

लुर्देसच्या हातातली बादली थांबली. इर्मेलिंडानं झगा खाली सोडला, त्याची किनार भिजली तरी तिला कळलं नाही.

*

आदेलिनो मागच्या अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली बसून बुटांतलं पाणी काढत होता. शाळेची बस चालवणारा माणूस तो. त्याला तीस पोरं गप्प बसवता येत होती, पण आयुष्यात एक नळ दुरुस्त करता आला नव्हता. बापानं कधी करूच दिला नाही. "तू फक्त धर," बाप म्हणायचा, आणि तो धरायचा, कधी शिडी, कधी दिवा, कधी टाइल. बापाला मूठमाती देऊन परतताना दफनभूमीच्या फाटकाशी जो तो त्याचा हात दाबत हेच म्हणाला होता, आता या घराचा हात तू. तेव्हापासून त्याला स्वतःचे हात अनोळखी वाटायला लागले होते. नवस त्याच्या जिवाचा होता. निदान त्या नवसाच्या घरातला नळ तरी आपण नीट करावा, एवढीच त्याची इच्छा होती. ती आता घोटाभर पाण्यात तरंगत होती.

नतालिया आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"दादा, मी तिला सांगते. फुकटच करेल ती. माझी पोरगी आहे, नाही कशी म्हणेल."

"तिनं आकडा सांगितला, नतालिया. सगळ्यांसमोर. आईसमोर."

"माझ्या तोंडाला काळं फासलं तिनं. नवऱ्यानं टाकल्यावर या घरानं मला वरचा मजला दिला. भावानं दिला, बापानं दिला. आणि माझी पोर तुम्हाला बिल देते? लोक काय म्हणतील, हीच परतफेड?"

लुर्देस मागच्या दारात फोन घेऊन उभी होती. "लोक काय म्हणतात ते मी आत्ताच ऐकलं," ती म्हणाली. "तीन प्लंबरांना फोन केले. पहिला म्हणतो पुढच्या बुधवारी. दुसरा म्हणतो शनिवारी येतो, सुट्टीचा दर, साडेनऊशे, आणि भिंत तुमची तुम्ही फोडायची. तिसऱ्यानं फोन उचलला, 'टाइल्सच्या मागे' एवढं ऐकलं आणि ठेवला."

"मग?"

"मग सहाशे वीस स्वस्त आहेत. मी तिच्या बाजूनं."

आदेलिनो बायकोकडे बघत राहिला. झुल्मिराला जड बुटांवरून, आखूड केसांवरून, व्हॅनवरून सगळ्यात जास्त टोमणे मारले असतील तर ते लुर्देसनं.

"तू? तिच्या बाजूनं?"

"हिशेबाच्या बाजूनं. ती मध्ये उभी आहे, त्याला मी काय करू?"

"वहिनी, पैशाचा प्रश्नच नाही," नतालिया म्हणाली. "पवित्र आत्म्याच्या सणात कुणी कुणाकडून पैसे घेत नाही. सगळं वाटायचं असतं. ही काय रीत झाली?"

ते मात्र आदेलिनोला पटलं. सापडलेल्या दोराला धरावं तसं त्यानं ते वाक्य धरलं. "हेच. हेच सांग तिला."

*

झुल्मिराची व्हॅन घरासमोर उभी होती. पांढरी, जुनी, एका दारावर निळ्या अक्षरांत तिचं नाव. मार्चमध्ये घेतलेली. मास्टर प्लंबरचा परवाना त्याआधी, हिवाळ्यात मिळाला, आणि त्या आनंदात तिनं प्रॉव्हिडन्समधली नोकरी सोडली होती. मागचं दार उघडं टाकून ती पाइपांचे तुकडे लावत बसली होती. त्याची काही गरज नव्हती.

नतालिया आईच्या आवाजात सुरू झाली आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात संपली. सण, रीत, मामाचे उपकार, वरचा मजला. झुल्मिरानं सगळं ऐकून घेतलं.

"आई, मार्चपासून या मोहल्ल्यात मी किती घरांत काम केलं माहितीये?"

"खूप. सगळे नाव काढतात."

"नाव काढतात. मिसेस कोर्दैरोचा गीझर बसवला, तिनं केलच्या भाजीच्या दोन जुड्या दिल्या. बेकरीच्या मागचा तुंबलेला पाइप काढला, तर पाव. सेराफीम बोतेल्योंचं बाथरूम, तीन दिवस. त्यांनी घरची वाइन दिली आणि पाठ थोपटली. म्हणाले, जासिंतोची नात शोभतेस. व्हॅनचा हप्ता केलच्या जुडीनं भरता येत नाही गं."

"मग बाहेरच्यांकडून घे ना. घरच्यांकडून का?"

"बाहेरचे काय म्हणतात माहितीये? तुझ्या मामाकडून घेतेस का? आजीकडून घेतेस का? मग आम्ही काय परके?" तिनं एक तुकडा उचलला, पुन्हा ठेवला. "प्रॉव्हिडन्सच्या मालकाचा फोन आला होता. जागा अजून रिकामी आहे. सोमवारी कळव म्हणाला."

नतालिया व्हॅनजवळ सरकली. "तू परत जाणार?"

"मी प्लंबर आहे, आई. इथे मी नात आहे, भाची आहे, शेजारच्यांची पोर आहे. जिथे प्लंबर असेन तिथे जाईन."

तिचा आवाज चढला नव्हता. नतालियाला तेच जास्त लागलं. आठ वर्षांची झुल्मिरा शाळेतून रडत यायची तेव्हाही आवाज चढत नसे. नुसती दप्तर खाली ठेवून उभी राहायची. आज तिच्या हातात दप्तर नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही नव्हतं. व्हॅनच्या दारावरचं तिचं नाव आईनं पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. पोरीनं स्वतः लावलेलं नाव. झुल्मिरा आरुडा. बापाचं नाही, आजोळचं.

*

दुपारी मंडळाचे अध्यक्ष सेराफीम बोतेल्यो आले. म्हातारा उंच, काठी टेकत यायचा, आणि बोलता बोलता यमक जुळवायचा. आज मात्र सरळ बोलला.

"इर्मेलिंडाबाई, कानावर आलं. वाईट वाटलं. पाशेको कुटुंबाचं स्वयंपाकघर तयार आहे. मुकुट तिकडे नेऊ का? तुमचं नाव पुढच्या वर्षी पुन्हा टाकू."

पुन्हा टाकू. इर्मेलिंडाचं वय त्र्याऐंशी. तिनं त्यांना कॉफी देता येत नाही म्हणून माफी मागितली, घरात पाणी नव्हतं. मग म्हणाली, "संध्याकाळपर्यंत सांगते."

ते गेल्यावर ती खाली तळघरात गेली. फरशी पुसून कोरडी झाली होती. मोठमोठी भांडी पालथी घातली होती, कसायाकडचं मांस फ्रीजमध्ये होतं, पाव वरच्या खोलीत रांगेनं ठेवलेले होते. ती पालथ्या भांड्यावर बसली. तिला बेटावरच्या आपल्या आईचं घर आठवलं. तिथे एकदा मुकुट आला होता. शेजारणीनं प्रेमानं स्वतःचं वासरू दिलं, आणि आईनं ते परत पाठवलं होतं. लोकांना ती घमेंड वाटली. आईनं मग स्वतःची गाय विकली होती आणि त्या पैशानं मांस आणलं होतं. लहान इर्मेलिंडाला तेव्हा ते कळलं नव्हतं. तिला फक्त गाय गेल्याचं रडू आलं होतं.

ती तिथून उठली आणि जिन्याशी येऊन तिनं चौघांना हाक मारली.

चौघं आली. आदेलिनो भिंतीला टेकून, लुर्देस खुर्चीवर, नतालिया पायरीवर. झुल्मिरा दाराशी, बाहेर जायच्या बेतात असल्यासारखी.

"आदेलिनो, तू बोल," इर्मेलिंडा म्हणाली. "तुझं काय म्हणणं?"

"आई, सणाची रीत आहे. या दिवसांत सगळं फुकट वाटायचं. तिनंही वाटावं. आपण काय मांस विकतोय?"

"मांस कुठून आणलं?"

"कसायाकडून."

"त्यानं फुकट दिलं?"

"नाही. पण तो कसाई आहे."

"आणि पाव?"

"आई, बेकरीची गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

लुर्देसनं खाली मान घालून ओठ दाबले.

"नवस कुणी बोलला होता?" इर्मेलिंडानं विचारलं.

"तू."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग फेडायचा कुणी? मी फेडायचा. माझ्याजवळचं देऊन. या पोरीचा दिवस मी फुकट घेतला, तिचा पाइप फुकट घेतला आणि त्या पाण्यात रस्सा शिजवला, तर लोक कुणाचं जेवले? तिचं जेवले. नवस तिनं फेडला. मी नुसतं वाढलं." ती जरा दम घ्यायला थांबली. "वाटायचं ते आपलं वाटायचं, रे. दुसऱ्याच्या हातातलं ओढून वाटलं तर पवित्र आत्म्याला काय, तो बघत नाही?"

नतालिया म्हणाली, "पण आई, ती परकी नाही."

"नाही ना. म्हणून तर मंगळवारी मी हसले. परकी असती तर हसले असते का?"

इर्मेलिंडा नातीकडे वळली. "झुल्मिरा, मंगळवारचं चुकलं माझं. सहाशे वीस म्हणालीस ना?"

"हो, आजी."

"आगाऊ घेतेस की काम झाल्यावर?"

झुल्मिरा दारापासून आत आली. "काम झाल्यावर."

"आणि काही कमी करू नकोस. नवसात सूट चालत नाही."

"करणार नव्हते," झुल्मिरा म्हणाली, आणि लुर्देस इतकी मोठ्यानं हसली की वरच्या फळीवरच्या बरण्या किणकिणल्या.

"एक राहिलं," झुल्मिरा म्हणाली. "भिंत. मी फोडायला गेले तर हातोड्यानं फोडेन. मला तेवढंच येतं. चित्र जाईल."

कबुतराकडे कुणी पाहिलं नाही, कारण सगळे आदेलिनोकडे बघत होते. टाइल कशी बसते हे त्या घरात आता त्या एकट्यालाच माहीत होतं.

"मी काढतो," तो म्हणाला. मग आईकडे वळून, "आई, मी या कामाचे पैसे घेणार नाही. नवस माझ्या जिवाचा आहे. मला तेवढं देऊ दे."

इर्मेलिंडानं विचार केला. "तू तुझं देतोयस. चालेल."

*

शुक्रवारी आदेलिनोनं बस दुसऱ्याला दिली. बापाची बारीक छिन्नी घेतली, टाइल्सच्या फटींतलं सिमेंट कणाकणानं कोरलं. घाम पापण्यांवरून ओघळला तरी हात हलला नाही. झुल्मिरा मागे दिवा धरून उभी होती.

"हात चांगला आहे तुझा, मामा."

"बोलू नकोस. कबुतराची चोच आली आहे."

एक टाइल निघाली, अखंड. दुसरी निघाली. आकाशाच्या कोपऱ्यातली एक टाइल मात्र मधोमध दुभंगली, आणि त्यानं डोळे मिटून घेतले. झुल्मिरानं ते दोन्ही तुकडे उचलून शेजारी जुळवून ठेवले.

"आकाश आहे ते. चीर ढगात खपून जाईल."

दुपारी चित्र ओळीनं टेबलावर मांडलेलं होतं आणि भिंतीत एक चौकोन उघडा पडला होता. दोघांनी आत पाहिलं. व्हॉल्व्ह होता. पण त्याला मूठ नव्हती. टाइल्स सपाट बसाव्यात म्हणून जासिंतोनं ती करवतीनं कापून टाकली होती, आणि वर उरलेला दांडा सिमेंटमध्ये नीट लिंपून टाकला होता.

आदेलिनो बघत राहिला. त्याच्या मनात आयुष्यभर उभा असलेला तो बाप, ज्याच्या हातून कधी काही चुकलं नाही, करवत घेऊन या भिंतीपाशी वाकला आणि शीळ घालत घराचं पाणी बंद करायची एकुलती एक सोय कापून मोकळा झाला.

"सुंदर काम आहे," झुल्मिरा म्हणाली. "किती सफाईनं लिंपलंय बघ."

मग दोघं हसायला लागले. आधी दबून, मग भिंतीला टेकून, मग खाली बसून. आदेलिनो हसता हसता रडला आणि त्यानं ते पुसलं नाही. जानेवारीपासून खांद्यांवर काहीतरी जड होतं, ते त्या चौकोनापाशी उतरलं. वरून इर्मेलिंडानं विचारलं, काय झालं, आणि तो ओरडून म्हणाला, "काही नाही, आई. बाबा सापडले."

त्यानंतर तळघर झुल्मिराचं झालं. तिनं जुना पाइप कापला, नवा मोजला, घासला, जोडला. निळ्या ज्योतीखाली तांबं तापलं आणि सांध्यात कथील पाण्यासारखं शिरलं. नवा व्हॉल्व्ह बसला, पिवळ्या मुठीचा, आणि त्यावर दार बसवता यावं म्हणून आदेलिनोनं चौकट मोजून घेतली. चित्र त्या दारावर लागणार होतं. संध्याकाळी पाणीखात्याचा माणूस आला, रस्त्यावरची किल्ली फिरली. झुल्मिरानं पिवळी मूठ आजीच्या हातात दिली.

"तू फिरव."

पाइपातून आधी हवा आली, मग खोकला, मग लालसर धार, मग स्वच्छ. वरच्या मजल्यांवरून नतालिया आणि लुर्देस एकमेकींना सांगू लागल्या, आलं, आलं, माझ्याकडेही आलं. इर्मेलिंडानं ओंजळ धरली, तोंडावर पाणी मारलं, आणि ओल्या हातांनीच कपाटातून पाकीट काढून नातीला दिलं. झुल्मिरानं ते शर्टाच्या खिशात घातलं आणि पावती फाडली. सहाशे वीस, पूर्ण मिळाले. मग तिनं बूट काढले, हात धुतले आणि खुंटीवरचा एप्रन बांधला.

"माझं काम संपलं. आता कांदे कुणी चिरायचेत?"

"तू," नतालिया म्हणाली आणि लेकीच्या पाठीवरची गाठ स्वतः घट्ट केली. "हे फुकट."

*

रविवारी बँड वाजवत मुकुट आला. चांदीचा, वर छोटं कबुतर, पुढे पांढऱ्या कपड्यांतल्या मुली आणि लाल झेंडा. इर्मेलिंडानं तो उंबऱ्यावर दोन्ही हातांनी घेतला, आणि एवढी वर्षं जड वाटत आलेलं ओझं इतकं हलकं कसं, याचं तिला नवल वाटलं. दारं उघडी होती. तळघरातून पातेल्यामागून पातेलं वर येत होतं, पावांवर रस्सा ओतला जात होता, वाफेत पुदिना दरवळत होता. मोहल्ला जेवला, अनोळखी जेवले, रस्त्यावरून जाणारा टपालवाला जेवला. द्राक्षांच्या मांडवाखाली, अंगणभर मांडलेल्या टेबलांवर लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसत होते.

मग रीतीप्रमाणे सेराफीम बोतेल्यो काठी टेकत उभे राहिले. पाहुण्यानं घराचं गाणं गायचं, घरानं मान झुकवून ते स्वीकारायचं, किंवा गाण्यानंच उत्तर द्यायचं. गिटार लागली आणि म्हाताऱ्यानं गळा काढला.

*बाप गेला तरी त्याच्या घराला ना काही उणं,*
*लेकाच्या हाती आलं बापाच्या हाताचं देणं.*
*तळघरी खेळे पाणी, कुणी आणिलं ते सांगा,*
*आदेलिनोच्या नावानं मंडळी हो पेला मागा.*

पेले उंचावले. आदेलिनो उभा राहिला. मान झुकवायची, एवढंच होतं. हेच गाणं त्याला जानेवारीपासून हवं होतं, दफनभूमीच्या फाटकापासून. लुर्देस त्याच्याकडे बघत होती. झुल्मिरा तळघराच्या दारात रिकामं पातेलं घेऊन उभी होती. ती बघत नव्हती. सोमवार उद्यावर आला होता.

"सेराफीमकाका, गाणं गोड आहे," तो म्हणाला. "पण खोटं आहे."

गिटार थांबली.

"पाणी मी आणलं नाही. मी घालवलं. साठ सेंटचा वायसर बदलायला गेलो आणि घर बुडवलं. मग आम्ही प्लंबर बोलावला. मास्टर प्लंबर, फॉल रिव्हरमध्ये तिच्या तोडीचं कुणी नाही. सहाशे वीस डॉलर घेतले तिनं. आम्ही दिले, आणि ते कमीच आहेत." त्यानं हात वर करून दाखवलं. "ती उभी आहे. माझी भाची आहे. पण तिला बोलवाल तेव्हा माझं नाव सांगू नका. तिच्याकडे पैसे घेऊन जा."

पाहुण्याचं गाणं घरमालकानं परत केलं, असं त्या मंडळात कुणी पाहिलं नव्हतं. बोतेल्यो तसेच उभे होते, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या. त्यांना बहुधा आपलं बाथरूम आठवलं असावं.

तेव्हा इर्मेलिंडा खुर्चीतून उठली. जासिंतो गेल्यापासून तिनं गाणं म्हटलं नव्हतं. तिनं गिटारवाल्याकडे पाहून हलकेच मान हलवली, आणि चिरकलेल्या पण सुरात लागलेल्या आवाजात उत्तर दिलं.

*पाणी आणिलं गं माझ्या लेकीच्या या लेकीनं,*
*दाम घेतला हक्कानं, काम केलं तिनं नेकीनं.*
*लेकानं सोडविल्या टाइल्स, नातीनं जोडिली नळी,*
*दोघांच्या हातांनी माझी नवसाची भरली थाळी.*

आधी लुर्देसनं टेबलावर मूठ आपटली. मग नतालियानं. मग अख्खं अंगण टेबलं बडवू लागलं, पेले उड्या मारू लागले, आणि गिटार तीच चाल दुप्पट वेगानं धरून सुटली. बोतेल्योंनी पेला वर केला, या वेळी तळघराच्या दाराकडे.

गर्दीतून वाट काढत मिसेस कोर्दैरो झुल्मिरापाशी गेली. हातात केलची पिशवी नव्हती. तिच्यामागे बेकरीवाला होता, आणि त्याच्यामागे काठी टेकत दस्तुरखुद्द अध्यक्ष.

"पोरी," मिसेस कोर्दैरोनं विचारलं, "माझ्या वरच्या मजल्याचा शॉवर गळतो. किती घेशील?"

झुल्मिरानं पातेलं खाली ठेवलं, एप्रनला हात पुसले आणि आकडा सांगितला.

"उद्या सोमवारी येतेस?"

"येते," झुल्मिरा म्हणाली. "सोमवार मोकळा आहे."